लॉक-इन संपायच्या आत घर सोडायचंय, कारण गल्लीत भीती वाटते

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि भटकंतीच्या धाग्यांवर असते. आज अडचणीत आहे म्हणून लिहितेय.

मी आणि धाकटी बहीण मार्चच्या मध्यापासून पुण्याच्या दक्षिण भागात एका वन बीएचकेत भाड्याने राहतोय. आठ फ्लॅटची इमारत, वॉचमन नाही, कॅमेरा नाही. भाडं १९,५००, डिपॉझिट ६०,०००. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, रीतसर नोंदवलेलं. त्यात सहा महिन्यांचा लॉक-इन आहे. आधी सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापून घेणार, आणि सोडताना एक महिन्याची नोटीस. सही करताना वाचलं होतं. वर्षभर राहायचंच होतं, म्हणून त्यावर अडून बसले नाही.

घर बघायला गेलो तो रविवार सकाळचा अकराचा सुमार. गल्लीत भाजीची गाडी उभी, पोरं क्रिकेट खेळतायत, बायका दारात गहू निवडतायत. रात्रीची गल्ली राहायला आल्यावर दिसली. कोपऱ्यावर एक बंद पडलेलं गॅरेज आहे, त्यासमोर दहा-बारा जणांचं टोळकं बसतं. एप्रिलमध्ये एका रात्री कोयते घेऊन आले आणि रस्त्यावर लावलेल्या झाडून सगळ्या गाड्यांच्या काचा फोडल्या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दादांची रिक्षा त्यात गेली, पंधरा दिवस त्यांचा धंदा बंद. विजेच्या खांबावरचे दोन दिवे दुरुस्त करून गेले होते, ते चार दिवसांत दगड मारून फोडले. मे महिन्यात त्यातलेच दोघं बाइकवरून बहिणीच्या मागे लागले. क्लासपासून घरापर्यंत, तीन वेळा. तिसऱ्या वेळी जिन्यापर्यंत आले. तळमजल्यावरच्या काकूंनी दार उघडून आरडाओरडा केला म्हणून गेले. त्या काकू आता रोज रात्री मी घरी येईपर्यंत ओट्यावरचा दिवा चालू ठेवून बसतात.

मालकांना फोन केला. ते म्हणाले, "भाग तुम्हीच बघून पसंत केलात. भीती वाटते हे करारात कुठे लिहिलंय?" त्यांच्या हिशेबाने जूनअखेर सोडलं तर लॉक-इनचे अडीच महिने म्हणजे ४८,७५०, वर नोटिशीचा महिना १९,५००. एकूण ६८,२५०. म्हणजे डिपॉझिट तर गेलंच, वर मीच ८,२५० देणं लागते.

कोणी यातून गेलंय का? पैसे बुडाले तरी सोडू की सप्टेंबरपर्यंत कसंतरी काढू? बहीण रात्री झोपत नाहीये.

शनिवारपेठी

पैसे परत कमावता येतात. सामान बांधा. बाकी सगळं नंतर.

अनवट

भाग कुठला तेवढं सांगा, म्हणजे बाकीचे सावध होतील.

घर_एके_घर

मी मालकांच्या बाजूने लिहिणार आहे, राग मानू नका. निवृत्तीचे पैसे घालून एक फ्लॅट घेतला, त्याच्या भाड्यावर आमच्या दोघांची औषधं आणि किराणा चालतो. लॉक-इन असतो तो यासाठीच. भाडेकरू तीन महिन्यांत गेला की रंग, सफाई, नवीन करार, आणि मधे एखाददोन महिने घर रिकामं. गेल्या सहा वर्षांत दोघांनी मला "एरिया सेफ नाही" म्हणून सांगितलं. एकाला ऑफिसजवळ स्वस्त घर मिळालं होतं, दुसऱ्याचं लग्न ठरलं होतं.

तुमचं तसं नाही हे दिसतंय. पण तुमच्या मालकांना ते कसं दिसणार? तुम्ही त्यांना लेखी काय कळवलंत?

रानजाई

लेखी काहीच नाही. फोनच झाले, तीन-चार.

@अनवट, भागाचं नाव नाही लिहीत. त्या गल्लीत शे-दीडशे घरं आहेत, त्यातली बहुतेक सरळमार्गी आणि स्वतःच्या मालकीची. इथे नाव आलं की त्यांचीच बदनामी.

इंद्रायणीकाठ

नाव लिहिलं नाहीत, बरं केलंत. आमची वसाहत पानशेतच्या पुरानंतरची. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, आजोबांचं नदीकाठचं घर गेलं, निसेन हटमध्ये, म्हणजे पत्र्याच्या अर्धगोल घरात, संसार पुन्हा उभा केला. आज पत्ता सांगितला की समोरच्याच्या कपाळाला आठी पडते. माझ्या चुलतबहिणीचं स्थळ नुसत्या पत्त्यावरून परत गेलं. गल्लीच्या टोकाला दहा टवाळ पोरं बसतात त्याची शिक्षा सगळ्या वस्तीला. आणि त्यांचा सगळ्यात जास्त त्रास आम्हालाच होतो, कारण आम्हाला लॉक-इन नसला तरी सोडून जायला जागा नाही.

रानजाई, तुम्ही जा. बहिणीला घेऊन खुशाल जा. फक्त जाण्याआधी तक्रार नोंदवून जा. भाडेकरू निघून जातो आणि तक्रारही त्याच्याबरोबर निघून जाते, असंच होत आलंय.

भटकभवानी

+१ इंद्रायणीकाठ.

संध्याछाया७२

दोन मुलींनी मुळात अशी सुटी इमारत घ्यायलाच नको होती. गेटेड सोसायटीत राहावं. आणि रात्रीची नोकरी असेल तर जास्तच.

भटकभवानी

@संध्याछाया७२, गेल्या वर्षी मी आणि मैत्रीण घर शोधत होतो. गेट असलेल्या सात सोसायट्यांत विचारलं. चार ठिकाणी "फक्त फॅमिली". एका ठिकाणी "मुली चालतील, पण रात्री दहानंतर येणं-जाणं नको". उरलेल्या दोन ठिकाणी भाडं २८ हजारांच्या वर. मुली सुट्या इमारतीत का राहतात त्याचं उत्तर त्या गेटवर आहे. ज्यांनी पाठलाग केला त्यांच्याबद्दल तुमच्या प्रतिसादात एक ओळ नाही याचं वाईट वाटलं.

काळा_कोट

वकिली करतो, पण इथे लिहितोय तो सल्ला म्हणून नव्हे, माहिती म्हणून. तुमचा करार हातात घेऊन कोणाला तरी दाखवाच. जरा लांबेल.

आधी कडू भाग. परिसर असुरक्षित आहे म्हणून लॉक-इनमधून आपोआप सुटका देणारा कायदा आपल्याकडे नाही. मालक म्हणतात ते त्या मर्यादेत बरोबर आहे. लीव्ह अँड लायसन्स म्हणजे जागा वापरायची परवानगी, भाडेपट्टा नव्हे. कधी आणि कसं सोडायचं ते करारातल्या कलमांवर चालतं.

आता दुसरी बाजू. करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती पूर्ण खिशात घालता येते असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७४ सांगतं की करारात आकडा लिहिलेला असेल तर त्या आकड्याच्या आत राहून वाजवी भरपाई मिळते. तो आकडा कमाल मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात हे कलम उलगडून सांगितलंय: नुकसानच झालं नसेल तर अनामत जप्त करता येत नाही. कलम ७३ च्या स्पष्टीकरणात आणखी एक गोष्ट आहे. नुकसान मोजताना ते कमी करायचे कोणते उपाय हाताशी होते तेही बघायचं. म्हणजे दहा दिवसांत नवा भाडेकरू मिळत असताना मालकाने घर कुलूप लावून ठेवायचं आणि अडीच महिन्यांचं भाडं तुमच्याकडून घ्यायचं, हे सहज पचत नाही. तरीही लॉक-इनला कागदी वाघ समजू नका. घर खरंच रिकामं राहिलं तर त्या दिवसांचे पैसे मागायचा मालकाला हक्क आहे.

आणि मालकांचा हिशेब चुकलाय. तुम्ही आज लेखी नोटीस दिलीत तर तो महिना लॉक-इनच्या काळातच सरतो, आणि तेवढे दिवस राहून भाडंही तुम्ही देणार. त्याच दिवसांचे पैसे एकदा लॉक-इन म्हणून आणि एकदा नोटीस म्हणून असे दोनदा लागत नाहीत. ६८,२५० हा आकडा डोक्यातून काढून टाका.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. पाठलागाची तक्रार कुठे आहे?

रानजाई

चौकीत गेलो होतो. एनसी घेतली, पोच दिली. "मुलं ओळखीची आहेत, समज देतो" म्हणाले.

काळा_कोट

पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली दखलपात्र गुन्हा आहे. एनसी असते अदखलपात्र गुन्ह्यासाठी. इथे एफआयआर व्हायला हवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाची हे न बघता कुठल्याही ठाण्यात खबर देता येते, आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. बहिणीचा जबाब महिला अधिकाऱ्यासमोर घ्या म्हणून सांगा. तारखा, वेळा, बाइकचा नंबर किंवा रंग, काकूंचं नाव साक्षीदार म्हणून (त्यांना विचारून). मिळालेली पोच जपून ठेवा.

माईआत्या

बाळ, कायदा हे लोक सांगतायत ते कर. मी फक्त रात्रीचं सांगते. ११२ नंबर दोघींच्या फोनमध्ये सगळ्यात वर ठेवा. पुण्यात बायकांच्या मदतीला पोलिसांचं दामिनी पथक आहे, त्यांना क्लासच्या वेळा सांगून ठेव. आणि काकूंना रोज एक फोन कर, निघाले म्हणून. माझी मुलगी लातूरला नर्सिंगला होती तेव्हा आमच्या वाड्यात एक शिट्टी होती. कोणीही बाई अंधारात आली की वाजवायची, अन् सहा घरांची दारं उघडायची. एकदा आमच्या दामूअण्णांनी मांजर अंगावर आली म्हणून वाजवली, तर अख्खा वाडा काठ्या घेऊन बाहेर! महिनाभर हसत होतो. पण दारं उघडली होती, हे लक्षात ठेव.

अनवट

दामूअण्णांना दंडवत 😄

बाराबंदी

अवांतर. अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नसते ना? मग नोंदणी नाही म्हणून लॉक-इनच बाद करता येईल.

काळा_कोट

हा गैरसमज घरोघरी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन. नोंदवायची जबाबदारी मालकाची. चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदणी नसली तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. रानजाईंचा करार नोंदवलेला आहे, त्यामुळे त्यांना याचा उपयोग नाही. पण वाचणाऱ्या मालकांनी लक्षात घ्यावं.

सॅनहोजेकर

इकडे कॅलिफोर्नियात माझ्या सहकारी मुलीने हे केलं. पाठलाग, घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार अशा ठरावीक गोष्टींत पोलीस रिपोर्टची प्रत जोडून लेखी नोटीस दिली की चौदा दिवसांपलीकडचं भाडं लागत नाही, तसं कलमच आहे. कुटुंबातल्या माणसाला त्रास झाला असेल तरी चालतं. मात्र "परिसरात गुन्हे वाढलेत" एवढ्यावर इथेही सुटका नाही. म्हणजे दोन्हीकडे कागद लागतोच. आपल्याकडे असं कलम यायला हवं असं मनापासून वाटतं.

खिडकीतली

रानजाई, तुम्ही रात्री घरी कशा येता? आयटीत असाल तर कंपनीची कॅब?

रानजाई

कॅब असते. पावणेअकराला मेन रोडला सोडते. आत गल्लीत वळायला जागा नाही म्हणून ड्रायव्हर येत नाहीत. तिथून चारशे मीटर चालत.

खिडकीतली

तेच वाटलं होतं. मी एका कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कलम १३ आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीनेच कामाला ठेवता येतं, आणि तिच्या घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय ही कंपनीची जबाबदारी. दारापर्यंत. मेन रोडपर्यंत नव्हे. गाडी वळत नसेल तर छोटी गाडी द्यावी, सुरक्षारक्षक चालत सोबत यावा, किंवा शिफ्ट बदलावी. उद्याच मेल टाका, आणि त्यात "चारशे मीटर, दिवे बंद, पोलीस तक्रार क्रमांक अमुक" असं स्पष्ट लिहा. घर सोडेपर्यंत तरी ते चालणं थांबेल.

शनिवारपेठी

हा प्रतिसाद सोन्याच्या मोलाचा आहे. माझ्या बायकोलाही मेन रोडलाच सोडतात. आज दाखवतो तिला.

चावी_वाला

मी कोथरूड-कर्वेनगर भागात घरं दाखवायचं काम करतो. मालकांशी भांडू नका, त्यांना भाडेकरू आणून द्या. जूनमध्ये कॉलेजं सुरू होतात, वन बीएचके पडून राहत नाही. दोन-तीन जणांचे नंबर मालकांच्या हातात ठेवा, नव्या कराराचा खर्च मी देते म्हणा. दहातले आठ मालक ऐकतात.

सरकारी खर्च फार नसतो. तुमच्याच आकड्यांनी धरा. अकरा महिन्यांचं भाडं २,१४,५००, डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी व्याज ५,५००, बेरीज २,२०,०००, त्यावर पाव टक्का म्हणजे ५५० मुद्रांक. शहरात नोंदणी फी १,०००. वर हाताळणी आणि एजंटचे पैसे.

घर_एके_घर

चावी_वाला यांच्याशी पूर्ण सहमत. मला तारीख घालून पत्र आलं असतं, सोबत तक्रारीची प्रत आणि दोन भाडेकरूंचे नंबर, तर मी लॉक-इनवर अडून बसलो नसतो. फोनवरच्या रडण्याने माणूस ओशाळतो आणि उलट कडक होतो. कागद आला की विचार करतो. तुम्हाला त्रास होतोय हे मला आधीच्या प्रतिसादात नीट लिहायला हवं होतं.

ओलीसांज

पण नवीन भाडेकरूला गल्लीबद्दल सांगायचं की नाही? मला तर झोप लागणार नाही कोणाला फसवून तिथे आणलं तर. आणि खरं सांगितलं तर येणार कोण?

चावी_वाला

सांगायचंच. न सांगता आणलेला भाडेकरू तीन महिन्यांत हाच धागा काढतो. पण प्रत्येकाची गरज वेगळी असते. तुम्हाला नको ती गल्ली चार कमावत्या भावांना चालते, त्यांची गाडी बंदिस्त पार्किंगला असली म्हणजे झालं.

इंद्रायणीकाठ

@ओलीसांज, मी तसंच करायचो. रात्री साडेनऊला घर दाखवायला बोलवायचो. ज्याला पटेल तो येतो.

बाराबंदी

हे रात्री घर बघणं भाडेकरूंनीही करावं. एकदा दिवसा, एकदा रात्री, एकदा पावसात.

रानजाई

पाच आठवड्यांनी परत येतेय. मधे बरेच जण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारत होते, सगळ्यांचे आभार.

काळा_कोट यांनी लिहिलं होतं तसं मुख्य ठाण्यात गेलो, बहिणीचा जबाब महिला अधिकाऱ्यांनी घेतला, एफआयआर झाला. काकू साक्षीला स्वतः चालत आल्या, गुडघे दुखत असताना. दोघांपैकी एकाला बोलावून घेतलं, टोळकं दहा दिवस दिसलं नाही. नंतर परत बसायला लागलं, पण जिन्याकडे कोणी फिरकलं नाही. कंपनीने दुसऱ्याच आठवड्यात छोटी गाडी दिली, दारापर्यंत.

मालकांना ५ जूनला रजिस्टर पोस्टाने पत्र आणि तेच मेलवर. मजकूर मागितला होता काही जणांनी, थोडक्यात देते:

"आपल्या सदनिकेत आम्ही मार्चपासून राहत आहोत. इमारतीच्या परिसरात एप्रिल व मे महिन्यांत घडलेल्या घटना व त्याबाबतची पोलीस तक्रार यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. माझ्या बहिणीच्या सुरक्षिततेसाठी दि. ३० जून रोजी सदनिका रिकामी करून ताबा आपणास देत आहे. तोपर्यंतचे भाडे भरले जाईल. आपले नुकसान होऊ नये म्हणून तीन इच्छुक भाडेकरूंची माहिती देत आहे व नवीन कराराचा खर्च मी देण्यास तयार आहे. घर प्रत्यक्ष रिकामे राहील त्या दिवसांचे भाडे वजा करून उर्वरित अनामत परत करावी, ही विनंती."

पहिले चार दिवस उत्तर नाही. मग त्यांचा मुलगा आला, प्रती वाचल्या, काकूंशी बोलला. त्यालाही एप्रिलमधलं काही ठाऊक नव्हतं. नवीन भाडेकरू १० जुलैपासून आलेत. दुधाचा रतीब घालणारे तीन भाऊ, पहाटे साडेतीनला उठतात. त्यांना घर रात्री दहाला दाखवलं, सगळं सांगितलं. मोठा भाऊ म्हणाला, "ताई, आम्ही उठतो तेव्हा ते झोपायला जातात."

हिशेब: १० दिवस रिकामं म्हणून ६,५००, रंगाचे ४,०००, नवीन कराराचा सगळा खर्च ३,२००. ४६,३०० परत आले. ताबा देताना वीज मीटरचा फोटो, चाव्यांची आणि पैशांची पावती, आणि "करार परस्परसंमतीने संपला, येणंदेणं नाही" असं दोघांच्या सह्यांचं पत्र, एवढं घेतलं.

घर_एके_घर

फार बरं वाटलं वाचून. रंगाचे ४,००० तीन महिन्यांच्या वापराला जास्त घेतले, असं एक मालक म्हणून सांगतो.

माईआत्या

बहीण झोपते का गं आता?

रानजाई

हो आत्या. नवीन घरी पहिल्या रात्री सलग नऊ तास झोपली.

इंद्रायणीकाठ

आणि काकू?

रानजाई

काकू तिथेच आहेत, घर त्यांचं स्वतःचं आहे. निघताना आठ घरांची बैठक घेतली. जिन्यात आणि गेटवर दोन कॅमेरे बसवायचे ठरलं. सहा घरांनी लगेच पैसे दिले, रिक्षावाल्या दादांनी हप्त्याने देतो सांगितलं. आमचा वाटा मी देऊन आले. दिवे पुन्हा लागलेत, यावेळी जाळी लावून. काकूंना अजून रोज पावणेअकराला फोन करते, पोचले म्हणून. त्याशिवाय त्या ओट्यावरचा दिवा बंद करत नाहीत.